थोरलीचा नारळ धाकटीच्या ओटीत

थोरलीला बघायला पाहुणे यायचे ठरले, की धाकटीला आष्ट्याला आत्याकडं पाठवून द्यायचं, हा लालासाहेबांच्या घरचा नियम होता. नियमाला कारणही तसंच घडलं होतं. राजेश्वरीला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा धाकटी शिवांजली नुसता पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यात आली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा निरोप आला, "तांब्यावाली पोरगी पसंत हाय." त्या दिवसापासून पाहुण्यांची गाडी गावात शिरायच्या आत शिवांजली एसटीत बसलेली असायची. आज तिची आठवी खेप होती.

राजेश्वरी एकोणतीस वर्षांची. कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होती. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून जो माल करून यायचा, तो मोजून घ्यायचं तिचं काम. माप बसलं तर पास, नाही बसलं तर लाल चिठ्ठी लावून माल माघारी. वीस मायक्रॉन इकडंतिकडं झालं तरी तिनं सख्ख्या भावाचा माल घेतला नसता, आणि सख्खा भाऊ नव्हता हे त्याचं नशीब. गावातली माणसं म्हणायची, "कुपवाडात माल रिजेक्ट करती, घरात पावणं." यात थोडी अतिशयोक्ती होती. आठातल्या चौघांनी तिला नाकारलं होतं. पण गावाला खऱ्या आकड्यात कधी गोडी वाटलीय?

खरं दुखणं वेगळंच होतं. या गावच्या जत्रेत पिढ्यानपिढ्या एकच विनोदी नाटक व्हायचं, गावातल्याच कुणा मास्तरांनी लिहिलेलं. त्यात दोन बहिणी. थोरली तिखट, धाकटी गोड. बापाचा पण असा, की थोरली उजवल्याशिवाय धाकटीला हळद लागायची नाही. मग धाकटीचा आशिक थोरलीसाठी नवरा शोधत हिंडतो आणि माणसं हसून हसून लोळतात. शेवटाला थोरली नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते आणि म्हणते, "आजपास्नं माझं तोंड बंद!" मग टाळ्या आणि पडदा.

या नाटकात थोरलीचं काम लालासाहेबांनी पाच वर्षं केलं होतं. पलटणीतून जत्रेसाठी रजा काढून यायचे, मिशा उतरवायचे आणि नऊवारी नेसून असे तणतणत स्टेजवर यायचे, की शिट्ट्यांनी मांडव उडायचा बाकी राहायचा. राजेश्वरीनं ते काम दुसऱ्या कुणाचं बघितलं होतं, आठ वर्षांची असताना. शेवटचं वाक्य ऐकून ती जी उठली ती घरी येऊन न जेवता झोपली. पण गावानं तिला काही सोडलं नाही. स्थळ मोडलं, की पारावरचं कुणीतरी हटकून म्हणायचं, "लालासाबानं ष्टेजवर केलं, पोरीनं घरात केलं. आता त्यो शेवटचा प्रवेश कवा व्हायचा?" आणि घरी बाप तर नाटकातल्या बापाचा नियम धरून बसलेला. थोरलीचं आधी, म्हणजे आधी. हवालदाराचा हुकूम.

नियमाचा एक फायदा मात्र झाला होता, आणि तो एकट्या शिवांजलीला. आष्ट्याला भामाबाई आत्याच्या शेजारी विट्याच्या दिग्विजयचं आजोळ होतं. त्याचं दक्षिणेत कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं. वर्षातून तीन-चारदा यायचा, आणि येताना मैसूरपाकाचा डबा आणायचा. पहिला डबा आजोळी गेला. दुसरा भिंतीवरून आत्याकडं आला. तिसऱ्या डब्यावर शिवांजलीचं नाव होतं. दोघं एकमेकांशी एवढं हळू बोलायची, की भामाबाईला मध्येच जाऊन बघावं लागायचं, आहेत का गेली. तीन वर्षांत भांडण म्हणून नाही. थोरलीचं स्थळ मोडलं की शिवांजलीला मनापासून वाईट वाटायचं, आणि पुढच्या स्थळाची ती तेवढ्याच मनापासून वाट बघायची. हे सगळं आत्याला ठाऊक होतं आणि राजेश्वरीला ठाऊक होतं. लालासाहेबांना सांगायची छाती कुणाची नव्हती.

गेल्या आठवड्यात मात्र शिवांजली बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दिग्विजयच्या घरच्यांनी त्याला सांगितलं होतं, अक्षय तृतीयेपर्यंत त्या पोरीचं काय ते कळव, नाहीतर विट्यातली मुलगी आम्ही ठरवून ठेवलीय. तृतीया बारा दिवसांवर आली होती.

राजेश्वरीनं तिचे डोळे पुसले. "गप. रविवारी जे कोण येतंय त्याला मी व्हय म्हणती. कुणी का असंना."

तिनं मुलाचा बायोडाटा उघडूनसुद्धा बघितला नाही. आईनं, शालूबाईनं, तीनदा मोबाईल पुढं केला. राजेश्वरी म्हणाली, "बघितला तर न्हाई म्हणीन. व्हयच म्हणायचं ठरलंय तर बघायचं कशाला?" साताऱ्याकडची माणसं आहेत, मुलगा कुपवाडला असतो, एवढं तिच्या कानावर होतं. तेवढं पुरे.

रविवारी अकराला पाहुणे यायचे होते. साडेअकरा झाले. लालासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"लोकेशन पाठवलं न्हवं त्यास्नी?" शालूबाईनं आतून विचारलं.

"शिवाला सांगितलं हुतं. पाठवती म्हणाली."

तेवढ्यात फटफट आवाज करत एक मोटारसायकल दारात थांबली. हेल्मेट काढून जो माणूस उतरला, त्याला बघून राजेश्वरीच्या कपाळाला आठी पडली. कारखान्याचं जॉबवर्क करणारा कृष्णात. दर पंधरवड्याला बुशचा, म्हणजे लोखंडी नळकांड्यांचा, लॉट घेऊन तिच्या टेबलासमोर उभा राहणारा, आणि माघारी पाठवलं की तासभर हुज्जत घालणारा.

"तुमी हितं? रविवारी माल घेत न्हाई आमी," ती म्हणाली.

"माल न्हाई आणला," कृष्णात म्हणाला. त्याच्या अंगावर कोरा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. त्यानं लालासाहेबांना वाकून नमस्कार केला. "आमची मंडळी पोचली न्हाईत व्हय? आबा, आई गावाकडनं गाडी करून निघाल्यात. मी कुपवाडातनं परस्पर आलो, फाट्यावर इचारत इचारत."

राजेश्वरीनं त्याच्या कोऱ्या शर्टाकडं पुन्हा बघितलं. कुणी का असंना म्हणताना हा असेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लालासाहेब गाडी बघायला फाट्याकडं गेले. शालूबाई पोह्यांवर झाकण ठेवून आतच थांबली, पण दाराची फट मोजून कान जाईल एवढी ठेवली. सोप्यात दोघंच उरली. अशा वेळी काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी माहीत होतं ते सुरू केलं.

"फेब्रुवारीचा लॉट तुमी उगंच माघारी धाडला," कृष्णात म्हणाला.

"उगंच? पंचवीसच्या भोकाला तीस मायक्रॉन जास्त हुतं."

"तुमच्या टेबलावरचा पंखा बंद हुता. गार माल आणि गरम माल एक माप दावतो व्हय?"

"मग गार करून आणायचा!"

"आणला की मार्चात. तवापास्नं एक तरी चिठ्ठी लावली का तुमी?"

राजेश्वरीनं आठवून बघितलं. खरंच नव्हती लावली. मार्चपासून त्याचा माल असा यायचा की मोजताना तिला हाताला बरं वाटायचं. हे ती त्याला काही सांगणार नव्हती.

"त्याचंच वांदं झालं," कृष्णात म्हणाला. त्यानं वरच्या खिशातून रबर लावलेलं एक पुडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. लाल चिठ्ठ्या होत्या, अकरा. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात शेरा. कडा मारलेल्या नाहीत. पुन्हा करा. घाई केलेली दिसते. एकीवर होतं, यापेक्षा चांगलं तुम्हाला येतं.

"माल पोचवायला माझ्याकडं पप्पू हाय," तो म्हणाला. "पर पहिली चिठ्ठी वाचली आन् म्हटलं, बघू तर खरं कोण हाय. मग मीच यायला लागलो. मुद्दाम खराब माल कवा केला न्हाई हां, ते माझ्यानं व्हणार न्हाई. पर मार्चपास्नं रिजेक्ट बंद झालं. तुमी सही करायच्या आन् मी माघारी. बोलायला कारणच उरलं न्हाई. मग आबांस्नी सांगून स्थळ पाठवलं."

राजेश्वरीनं त्या चिठ्ठ्या एकेक करून उलटल्या. तीन वर्षं धाकटीला मैसूरपाक येत होता तेव्हा आपल्याला कुणी काही देत नाही असं तिला वाटायचं. दुखायचंही, कुणाला न सांगता. आणि हा माणूस तिच्याच हातचं जपून ठेवत होता. तिला एकदम खूप आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. शिवांजली.

"आक्का, घात झाला." आवाज चुलीमागून येत असावा इतका बारीक. "तुझं पावणं हितं आल्यात. आष्ट्यात. आत्तीकडं."

"तितं कसं?"

"दादांनी लोकेशन पाठवायला सांगितलं हुतं. एसटीच्या गडबडीत राहिलं. मग हितं आल्यावर आठवलं, तशी हितनंच पाठवलं. जिथं आपण असतो तितलंच जातं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं."

राजेश्वरीनं कपाळावर हात मारला. जिला लपवायचं तिच्याच पत्त्यावर पाहुणे गेले होते.

"मग आत्तीनं सांगायचं न्हाई व्हय, चुकला म्हणून?"

"आत्तीला वाटलं विट्याची माणसं आली. दिग्विजयचं काका-काकू. तिनं मला साडी नेसवून पाटावर बसवलं. मी मान वर करून बघितलंच न्हाई, बघायचं नसतं न्हवं! त्या बाईंनी ओटी भरली, पसंतीचा नारळ घातला, आन् मग म्हणाल्या, लग्नानंतर कुपवाडची नोकरी सोडू नगंस हां."

"दिग्विजय कुठाय?"

"परड्यात, म्हशीपाशी. त्यानं आयकलं समदं. बोलतबी न्हाई. आक्का, ही लोकं म्हणत्यात, चला, पोरीच्या बापाला भेटू. आमी निघालो."

फोन बंद झाला. कृष्णातला काय घडलं ते राजेश्वरीनं दोन वाक्यांत सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "आबांनी नारळ दिला म्हंजे अवघड हाय," तो म्हणाला. "त्यांचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ."

अर्ध्या तासात गाडी आली. पुढं आप्पासो, कृष्णातचे वडील, फेटा सावरत उतरले. मागून रंगुबाई, त्यांच्या घरच्या. मग भामाबाई, तोंड एवढंसं करून. शेवटी पदरात नारळ धरलेली शिवांजली, रडून लाल झालेली. त्यांच्यामागं स्कूटरवर दिग्विजय, गेटाबाहेरच थांबलेला. फाट्यावरून लालासाहेबही त्याच गाडीतून आले होते, आणि वाटेत त्यांना निम्मंच कळलं होतं.

सोप्यात सगळं उलगडायला दहा मिनिटं लागली. आप्पासोंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"चूक झाली खरी. पर वटीत नारळ पडलाय. वटीतला नारळ माघारी घ्यायचा नसतो. आमच्या घराण्यात कुणी घेतला न्हाई."

"आबा," कृष्णात उठून उभा राहिला, "नारळ तुमी दिलाय. पोरगी मी बघितलीया. दीड वरीस बघतोय. मला हीच पायजे."

सगळ्यांच्या नजरा राजेश्वरीवर आल्या. आता तिनं एक शब्द बोलायचा की सुटलं सगळं. शिवांजली हात जोडल्यासारखी नारळ धरून तिच्याकडं बघत होती. होकार राजेश्वरीच्या ओठांवर तयार होता, आठवडाभर घोकून ठेवलेला.

पण तो बाहेर येईना. कुणी का असेना त्याला तो देता आला असता. या माणसाला नाही.

"माप न घेता आजवर कशालाच पास केलं न्हाई मी," ती म्हणाली. "आठ दिवस झालं, मी ठरवून बसली हुती, जो येईल त्याला व्हय म्हणायचं. न बघता. शिवाचं अडलंय म्हणून. त्यो बाहेर स्कूटरवर हाय, दिग्विजय, त्याच्याशी तिचं जमलंय, आन् तृतीयेच्या आत न्हाई झालं तर मोडतंय. दादा, तुमचा नियम हाय म्हणून मी व्हय म्हणणार हुती. पर ह्यांस्नी तसला व्हय द्यायचा न्हाई मला. ह्यांनी जाणून खोटा माल कवा दिला न्हाई मला. तुमाला तुमच्या नाटकावानी शेवट पायजे असंल, पायावर डोकं आन् तोंड बंद, तर ते माझ्यानं व्हणार न्हाई."

आतून शालूबाई पदर तोंडाला लावून दारात आली.

लालासाहेबांनी मान खाली घातली.

"ते वाक्य," ते म्हणाले, "पाचव्या वर्साला मी म्हटलंच न्हाई."

"कंचं वाक्य?" राजेश्वरीनं विचारलं.

"तोंड बंद. त्या जत्रेला तू बारा दिवसांची हुतीस. घरात तुझा आवाज असा, की पार देवळापातूर जायाचा. मी पायावर डोकं ठेवायला वाकलो आन् माझ्या कानात तुझं रडणं आलं. मागनं मास्तर तीनदा वाक्य सांगत हुतं. मला म्हणवंना. म्हटलं, पडदा पाडा, आन् लुगड्यातच घरला आलो. परत काम केलं न्हाई. गावाला वाटलं, पाठ केल्यालं इसरला." त्यांनी वर बघितलं. "तुला गप बस असं मी कवा म्हटलंय, राजे?"

राजेश्वरीनं आठवलं. कधीच नाही. उलट नाकारून गेलेल्या चारही पाहुण्यांना ते फाट्यापर्यंत पोचवायलाही गेले नव्हते.

"मग नियम?"

"त्यो तेवढा नाटकातनं घरात आला. लोकं काय म्हणतील म्हणून धरून बसलो. त्यो बी आजपास्नं न्हाई." लालासाहेब ताडकन उठले आणि गेटाकडं तोंड करून गरजले, "अय स्कूटरवाला! फॉलिन!"

दिग्विजय धडपडत आत आला आणि कधी पलटण न बघितलेला तो पोरगा अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"तोंड हाय का?"

"हाय जी."

"मग तीन वरीस काय करत हुतास? जा, घरच्यांस्नी घिऊन ये. धाकटीचं आधी करू. थोरलीची घाई न्हाई. तिला मोजू द्या सावकाश."

शिवांजली बापाच्या गळ्यात पडून पुन्हा रडायला लागली. भामाबाईनं मोठ्यानं सुस्कारा सोडला आणि पोह्यांची चौकशी केली. आप्पासो तेवढे घुम्यासारखे बसून होते, नारळाकडं बघत. पंचाईत सुटली होती, पण त्यांचा शब्द अजून तिऱ्हाइताच्या होणाऱ्या सुनेच्या पदरात होता.

कृष्णातनं समोरच्या चिठ्ठ्या उचलल्या, रबर लावलं आणि हेल्मेट घेतलं. "मग निघू मी?" तो राजेश्वरीला म्हणाला. त्यात रुसवा नव्हता. "तुमाला वाटंल तवा सांगा."

राजेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. आता कुणाचं काही अडलेलं नव्हतं. धाकटीचं नाही, बापाचं नाही. ती नाही म्हणाली असती तरी त्या घरात दुपारचं जेवण गोडच झालं असतं. आणि तेव्हा कुठं तिला स्वतःचं मन नीट ऐकू आलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

ती शिवांजलीपाशी गेली, तिच्या पदरातला नारळ उचलला आणि कानाशी धरून हलवला. आत भरपूर पाणी होतं. शेंडी बघितली, डोळे दाबून बघितले. मग रंगुबाईंकडं वळली.

"आवं, वटीतला नारळ सासरच्यांनी माघारी घ्यायचा नसतो, बरुबर. पर बहिणीच्या वटीतनं बहिणीच्या वटीत गेला तर चालतंय न्हवं?"

रंगुबाईंनी आप्पासोंकडं बघितलंसुद्धा नाही. "न चालायला काय झालं? चुकल्याला पत्ता लागला म्हणायचं." त्यांनी नारळ हातात घेतला, राजेश्वरीनं पदर पसरला, आणि आप्पासोंचा शब्द बारा किलोमीटर हिंडून ठिकाणावर आला.

कृष्णात हेल्मेट हातात धरून तसाच उभा होता. "म्हंजे काय समजायचं?"

"पास."

लालासाहेबांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की परसातली कोंबडी भिंतीवर चढली.

"पर एक सांगून ठेवती," राजेश्वरी म्हणाली. "सोमवारच्या लॉटचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई. त्यो मी मोजूनच घेणार."

"मोजा की," कृष्णात म्हणाला. "त्यासाठीच तर आलो."